कला आणि कोडिंग एकत्र शिकवणारी छोटी स्वतंत्र शाळा, मुंबईत: पहिल्या आठ सत्रांत काय आणि कसं?

अर्धवर्तुळ
न्यूयॉर्कला २०१३ साली झॅक लिबरमन, अमित पितारू, जेन लो आणि तेयून चोई या चौघांनी 'स्कूल फॉर पोएटिक कॉम्प्युटेशन' काढली. पदवी नाही, शिकणारे मोजकेच, सुरुवातीची सत्रं दहा आठवड्यांची. 'जास्त कविता, कमी डेमो' असं त्यांचं घोषवाक्य. आपल्याकडेही असा प्रयोग अगदीच नवा नाही. चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून १९६९ ते १९७२ या काळात मुंबईत 'व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप' चालवलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले एकाच जागी काम करत. संगणक नव्हता, पण पदमसींची 'सिझिजी' ही आकड्यांच्या नियमांवर बेतलेली रेषांची फिल्म त्याच काळातली.

प्रस्ताव असा: बारा जण, आठ सत्रं, प्रत्येकी तीन तास. निम्मे चित्रकलेकडून आलेले, निम्मे कोडिंगकडून. शिकवणारे दोन. वर्ग मराठीत. चर्चा हवी ती या गोष्टींवर: भाषा कोणती, यंत्रं कोणती, जागा कुठे, आणि कुठे गाडं अडतं. 'छान उपक्रम' एवढंच लिहायचं असेल तर धागा वर आणू नका. :)

रेघोटी
भाषा पी५.जेएस, म्हणजे कोडमधून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. लॉरेन मॅकार्थीने २०१३ मध्ये सुरू केलेली, २००१ च्या प्रोसेसिंग या चित्रकोडिंगच्या भाषेची ब्राउझरमधली धाकटी बहीण. इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही. पण आवृत्ती आधीच ठरवा आणि सगळ्यांच्या इंडेक्स फाइलमध्ये तीच लिहा. २.० मध्ये 'प्रीलोड' (फाइली आधी उतरवून घेणारा भाग) काढून टाकलंय, त्यामुळे नेटवरचे चित्र-आवाज लोड करणारे जुने नमुने तिथे चालत नाहीत आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं. सध्या १.११ धरून चालावं. पूर्ण लायब्ररी पेनड्राइव्हवर ठेवा. बारा लॅपटॉप एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेले की पहिला अर्धा तास 'सर, उघडत नाहीये' ऐकण्यात जातो. मात्र फाइल थेट डबल-क्लिक करून उघडली तर ब्राउझर बाहेरची चित्रं लोड करू देत नाही. फोल्डरमध्ये पायथॉनचा छोटा सर्व्हर चालवून लोकलहोस्टवरच उघडायचं.

पहिलं सत्र संगणकाशिवाय. २० × २० सेंमीचा कागद, प्रत्येकाने दहा सूचना लिहायच्या, शेजारच्याने त्यावरून चित्र काढायचं. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. अमेरिकन कलावंत सोल लेविट १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भिंतींवरची चित्रं अशाच लेखी सूचनांवरून दुसऱ्यांकडून करून घेत असे. इथे हमखास घोळ होतो तो विशेषणांचा. 'सुंदर वळणदार रेघ काढा' ही सूचना नव्हे. विशेषणांवर बंदी घाला. माप, जागा आणि 'जर... तर' एवढंच चालेल.

दुसरं सत्र ठिपक्यांच्या रांगोळीचं. सात ते एक अशा ठिपक्यांच्या ओळी, दोन 'फॉर' लूप (तेच काम ठरावीक वेळा पुन्हा करणारी आज्ञा) एकात एक. चित्रकलेकडून आलेल्यांना लूप इथे पटकन कळतो, कारण हाताला तो आधीच माहीत असतो. दक्षिणेतल्या कोलमवर मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये संगणकशास्त्राच्या अंगाने औपचारिक व्याकरण मांडलं होतं. कोडिंगवाल्यांना तेवढं सांगितलं की ते रांगोळीकडे 'बायकांचं काम' म्हणून बघायचं थांबतात.

तिसऱ्या सत्रात संगणकावर चित्रं काढणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक, जर्मनीच्या गेऑर्ग नेसचं १९६८ चं 'शॉटर' हुबेहूब उभं करायचं. आडवे १२, उभे २२ चौकोन. वर शिस्तीत, खाली जाताना फिरणं आणि सरकणं वाढत जातं. चुका ठरलेल्या:

– 'पुश' (आधीची स्थिती जपणारी आज्ञा) लिहितात, 'पॉप' (ती परत आणणारी) विसरतात. मग फिरवणं साठत जातं आणि सगळे चौकोन भोवऱ्यासारखे कॅनव्हासबाहेर.
– 'रोटेट'ला ४५ देतात. मूळ एकक रेडियन आहे. अँगलमोड अंशांत बदला किंवा पाय (π) या आकड्याचा चौथा भाग द्या.
– चौकोन कोपऱ्याभोवती फिरतो. रेक्टमोड 'सेंटर' केला नाही म्हणून.
– चित्र थरथरतं. 'ड्रॉ' सेकंदाला साधारण ६० वेळा चालतो आणि दर वेळी नवे रँडम आकडे. एकतर नोलूप (ड्रॉ एकदाच चालतो), नाहीतर ड्रॉच्या पहिल्याच ओळीत रँडमसीड (दर वेळी तेच रँडम आकडे देतो). सीडचा आकडा फाइलच्या नावात लिहायची सवय लावा. आवडलेलं चित्र परत मिळायला दुसरा मार्ग नाही.

चौथ्या सत्रात 'नॉइज', म्हणजे उड्या न मारता सलग बदलत जाणारे रँडम आकडे. त्याला पूर्ण आकडे दिले तर सलगपणा दिसत नाही. पायरी ०.००५ ते ०.०३ मध्ये ठेवा. किंमती ०.५ च्या आसपास गर्दी करतात, ० किंवा १ जवळ क्वचितच जातात. म्हणून हव्या त्या मापात बदलताना (मॅप) ०.२ ते ०.८ ताणून घ्या आणि बाहेर जाणारं कापा. शिवाय पी५चा नॉइज ऋण आकड्याचं चिन्ह टाकून देतो, म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी आकृती येते. सुरुवातच १००० पासून करा.

पहिली चार सत्रं फक्त काळी रेघ, पांढरा कागद. रंग नाही, आवाज नाही, कॅमेरा नाही. यावर तडजोड करू नका.

घाटकोपरची_पाटी
@अर्धवर्तुळ, रविवार दुपार ठेवू नका. मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, डोंबिवली-पनवेलचे लोक तासभर उशिरा पोचणार. शनिवारी चार ते सात. जागा दादर किंवा परळ-प्रभादेवी, म्हणजे मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनना सोयीचं. आणि खोलीत स्विच-सॉकेट मोजा. जुन्या इमारतींत एका खोलीला तीन असतात. एक्स्टेंशन पट्टी लावून बारा लॅपटॉपना ठीक, पण त्याच पट्टीवर इस्त्री किंवा सोल्डरिंगची मोठी इस्त्री लावू नका.

कोडकर
वर्ग चांगला आखलाय, पण चार सत्रं काळी रेघ म्हणजे कोडिंगवाले तिसऱ्या शनिवारी गायब. त्यांना शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे रंगीत परिणाम) दाखवा, कॅमेरा दाखवा. आणि आता एआय पाच सेकंदांत 'शॉटर' लिहून देतं, त्याचं काय?

रेघोटी
गायब होणारे होतीलच. अर्ज घेताना लिहून टाका.

एआयबद्दल: लिहून देतंच. अडचण अशी की त्या उत्तरात आठ-दहा आकडे आधीच ठरलेले असतात आणि शिकणाऱ्याला कुठला आकडा चित्रात काय करतो ते ठाऊक नसतं. मग तो आकड्याला हात न लावता पुन्हा सांगून बघतो, पुन्हा सांगून बघतो. उपाय सोपा आहे. पाचव्या सत्रानंतर परवानगी, तीही या अटीवर: आलेल्या कोडमधला प्रत्येक आकडा एकदा दुप्पट आणि एकदा शून्य करून छापायचा, दोन्ही चित्रं भिंतीवर. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने बिनधास्त एआय वापरावं, पण या वर्गात कशाला यावं?

लॅमिंग्टनचा_पाहुणा
पाचवं-सहावं सत्र प्लॉटरचं, म्हणजे खरं पेन फिरवून चित्र काढणाऱ्या यंत्राचं ठेवा. पडद्यावर सगळंच चांगलं दिसतं. पेन कागदावर फिरायला लागलं की कोणती रेघ फुकटची होती ते कळतं. परदेशी तयार प्लॉटर कस्टम ड्यूटीसकट महाग पडतो. ए३ आकाराचा घरी जोडलेला पुरतो. सगळं सामान लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरा) एका फेरीत मिळतं:

आर्डुइनो उनो (छोटा नियंत्रक बोर्ड) १, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड व्ही३ १, मोटर चालवणारे ए४९८८ ड्रायव्हर २ (तिसरा जास्तीचा घ्याच), नेमा १७ मोटर २, जीटी२ पट्टा ३ मीटर, २० दातांच्या पुल्या २, बिनदाती आयडलर ४, ८ मिमीचे गुळगुळीत रॉड ४, त्यांना एलएम८यूयू बेअरिंग ८, एसजी९० सर्व्हो १, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर.

हिशेब: मोटरचे २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप, म्हणजे एका फेऱ्याला ३२००. वीस दात गुणिले २ मिमी, म्हणजे फेऱ्याला ४० मिमी. ३२०० भागिले ४० बरोबर ८०. जीआरबीएलमध्ये (आर्डुइनोवर टाकायचा, मोटरी हलवणारा प्रोग्राम) डॉलर १०० आणि डॉलर १०१ या सेटिंग दोन्ही ८०. मायक्रोस्टेपचे तिन्ही जंपर ड्रायव्हरखाली असतात, ते आधी बसवा, नाहीतर ड्रायव्हर परत उपटावा लागतो.

ड्रायव्हरचा करंट: व्हीरेफ (ड्रायव्हरच्या स्क्रूवर मोजायचं व्होल्टेज) बरोबर ८ गुणिले करंट गुणिले रोध. बोर्डावरच्या बारीक रोधावर 'आर१००' असेल तर ०.१ ओहम. ०.८ अँपिअर हवा तर ०.६४ व्होल्ट. 'आर०५०' असेल तर निम्मं, ०.३२. हे न बघता स्क्रू फिरवला तर एकतर मोटर स्टेप चुकवते किंवा ड्रायव्हर भाजतो. ड्रायव्हर उलटा बसवला तर वीज देताक्षणी जातो. वीज चालू असताना मोटरची वायर काढली तरी जातो. म्हणून तिसरा.

पेन उचलणारा सर्व्हो (ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर): सिग्नल शील्डवर 'स्पिंडल' लिहिलंय तिथे लावा, ५ व्होल्ट आर्डुइनोवरून घ्या, झालं.

तांब्याची_तार
वरच्या पोस्टमधली शेवटची ओळ दोन ठिकाणी दुरुस्त करा, नाहीतर लोक रात्रभर बसतील.

एक: जीआरबीएलच्या ०.९ पासूनच्या नव्या आवृत्त्यांत स्पिंडलचं पीडब्ल्यूएम (चालू-बंद ठोक्यांचा सिग्नल) डी११ पिनवर आलं आणि झेड लिमिट डी१२ वर गेलं. शील्ड व्ही३ची छपाई जुन्या मांडणीची आहे. म्हणजे सर्व्होची सिग्नलची तार 'झेड' एंडस्टॉपच्या पिनवर जाते, 'स्पिंडल'वर नाही. शिवाय साधं जीआरबीएल सर्व्हो चालवत नाही. त्याच्या पीडब्ल्यूएमची वारंवारता सर्व्होसाठी फार जास्त असते. सर्व्होसाठी बदललेली आवृत्ती टाकावी लागते.

दोन: ५ व्होल्ट आर्डुइनोवरून घेऊ नका. पेन उचलताना सर्व्हो क्षणभर जास्त करंट ओढतो, व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो आणि प्लॉटर चित्राच्या मधोमध थांबतो. वेगळा ५ व्होल्टचा चार्जर, ग्राउंड मात्र एकत्र, सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ग्राउंड जोडायचं विसरलं तर सर्व्हो नुसता कुरकुरतो.

लॅमिंग्टनचा_पाहुणा
बरोबर, दोन्ही मान्य. वरची ओळ रद्द समजा.

फाइलबद्दल राहिलं होतं. पडद्यावर वाय खाली वाढतो, जीआरबीएलमध्ये वर. बदललं नाही तर अक्षरं उलटी येतात. माप ९६ पिक्सेलला एक इंच धरा: ए४ म्हणजे ७९४ × ११२३. पहिल्याच दिवशी ३७८ पिक्सेलचा चौकोन काढा आणि पट्टीने मोजा, १०० मिमी आला पाहिजे. ७५ टक्के किंवा १.३३ पट आला तर कुठेतरी ७२ डीपीआय घुसलंय.

पी५मधून एसव्हीजी (रेघांच्या रूपात चित्र साठवणारी फाइल) काढणाऱ्या लायब्ररीचं पी५च्या ठरावीक आवृत्त्यांशीच जमतं. त्यापेक्षा प्लॉटरची सत्रं प्रोसेसिंगमध्ये करा. एसव्हीजी त्याच्यासोबतच येतं. बिगिनरेकॉर्ड आणि एंडरेकॉर्ड, मध्ये चित्र, वर नोलूप. मग व्हीपाइप या प्लॉटरच्या फाइली सुधारणाऱ्या प्रोग्राममधून लाइनमर्ज (रेघा जोडणं) आणि लाइनसॉर्ट (रेघांचा क्रम लावणं). पेन हवेत फिरण्याचा वेळ लक्षणीय कमी होतो. बारा जण आणि एकच प्लॉटर असेल तर हाच वेळ महत्त्वाचा. प्रत्येकाला बारा मिनिटांची मर्यादा घाला, त्यात बसेल एवढंच चित्र. मर्यादेने चित्रं सुधारतात, हा आणखी एक फायदा.

'फिल' विसरा. प्लॉटर फक्त कडा काढतो. भरायचं तर रेघांनी भरा. आणि शेजारच्या चौकोनांची सामाईक कड दोनदा लिहिलेली असते, पेन दोनदा जातं आणि ओला कागद फाटतो. कोडमध्येच प्रत्येक कड एकदा काढा.

शाईवाली
कागदाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. जून ते सप्टेंबर मुंबईत कागद ओलावा पितो, मधून फुगतो, आणि पेन डावीकडे टेकतं तर उजवीकडे हवेत राहतं. पेन-उचल ३-४ मिमी ठेवलीत तरी फुगवटा तेवढाच असेल तर हलवतानाही रेघ उमटते. उपाय: पॅकेट झिप पिशवीत सिलिका जेलसह, वापरायच्या वेळीच एक-एक कागद बाहेर, चारी कडांना मास्किंग टेप, खाली एमडीएफऐवजी काच. एमडीएफ स्वतःच वाकतो.

१८० ते २२० जीएसएमचा कार्ट्रिज कागद घ्या. हातकागद दिसतो सुंदर, पण त्याचे तंतू पेनाच्या टोकात अडकतात. पेन ०.३ किंवा ०.५ चं पिगमेंट फाइनलायनर. ०.१ घेऊ नका, प्लॉटरच्या दाबाने टोक आत जातं. जेल पेन स्वस्त, पण वेगात तुटक रेघ देतं. वेग मिनिटाला १५०० मिमीवर आणला तर चालतं. घाऊक घ्यायचं तर क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. शनिवारी दुपारी मात्र जाऊ नका, चालायला जागा नसते.

बाराखडी
मराठी वर्ग म्हणजे कुणीतरी अक्षरांवर काम करणारच. तेव्हा हे आधीच माहीत असू द्या.

पी५ १.x मध्ये फॉन्टची फाइल 'लोडफॉन्ट'ने आणली तर देवनागरी मोडते. 'कि'ची वेलांटी मागे जाते, जोडाक्षरं सुटी होतात. आतली लायब्ररी देवनागरीची जोडणी करत नाही. अक्षराचे बिंदू देणाऱ्या 'टेक्स्टटूपॉइंट्स'मध्येही तेच. तोडगा: फॉन्ट सीएसएसमधून आणा आणि 'टेक्स्टफॉन्ट'ला नुसतं नाव द्या. मग जोडणी ब्राउझर करतो आणि ती बिनचूक असते. फॉन्ट उतरायच्या आत चित्र काढलं तर दुसराच फॉन्ट दिसतो, म्हणून फॉन्ट तयार झाल्याची वाट बघूनच सेटअप चालवा. 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मोफत आहेत, मुंबईतच घडलेले.

बाह्यरेषेवरचे बिंदू हवे असतील तर दोन वाटा. इंकस्केपमध्ये अक्षर लिहून पाथ करा आणि एसव्हीजी वाचा. किंवा पी५मधल्या अदृश्य ग्राफिक्स पृष्ठावर मोठं अक्षर लिहून काळे पिक्सेल तपासा. दुसऱ्या वाटेत पिक्सेलडेन्सिटी (पडद्याच्या दाटपणाचं सेटिंग) १ करा. नव्या लॅपटॉपच्या दाट पडद्यावर कॅनव्हासला आडवे-उभे दुप्पट पिक्सेल असतात, म्हणून हिशेब चुकतो आणि अक्षर वरच्या डाव्या कोपऱ्यात चुरगळल्यासारखं येतं.

शब्दाची अक्षरं सुटी करायला 'स्प्लिट' नको. 'क्षितिज' दिलं तर क, हलन्त, ष, वेलांटी असे तुकडे पडतात. जावास्क्रिप्टचा इंटल सेगमेंटर वापरा. जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये तोच कोड 'क्ष'चे दोन तुकडे करतो. वर्गातल्या दोन लॅपटॉपवर दोन उत्तरं आली तर हे कारण.

चलांची नावं देवनागरीत चालतात. 'रुंदी', 'ठिपके', 'वळण' बिनदिक्कत लिहा. आकडे मात्र नाही. मराठी कीबोर्ड चालू राहून देवनागरी १० टाइप झालं की एरर येते आणि ती वाचून काहीच बोध होत नाही. पाटीवर पहिल्या दिवशी लिहून ठेवा.

कोडकर
बरं, काळ्या रेघेवर हार मानतो. पण शेवटच्या दोन सत्रांत दिवे घ्या. आकाशकंदील, गणपतीची आरास, लोकांना घरी नेण्यासारखं काही.

तांब्याची_तार
चालेल. डब्ल्यूएस२८१२बी ही प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी एलईडी पट्टी, मीटरला ६० दिवे. पूर्ण पांढऱ्यावर दिव्याला ६० मिलिअँपिअर, म्हणजे मीटरला ३.६ अँपिअर. यूएसबीवर ते चालवू नका. ब्राइटनेस पाचव्या हिश्श्यावर ठेवला तर २ अँपिअरच्या चार्जरवर एक मीटर आरामात. दिवे चालवणारा ईएसपी३२ बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो, पट्टीला ५ चा हवा. कधी चालतं, कधी पहिला दिवा वेडावाकडा लुकलुकतो. दोघांच्या मधे ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी चिप घाला. डेटाच्या तारेत ३३० ओहम, वीज आत येते तिथे १००० मायक्रोफॅरड. पट्टीवरचा बाण बघूनच जोडा, उलट्या टोकाला डेटा दिला तर काहीच पेटत नाही आणि लोक कोड तपासत बसतात. दोन मीटरपेक्षा लांब असेल तर दुसऱ्या टोकालाही वीज द्या, नाहीतर पांढरा शेवटी तांबूस होतो.

धर्मादाय_पेठ
कागदोपत्री बाजू थोडक्यात. नावात 'विद्यापीठ' किंवा 'युनिव्हर्सिटी' नको, यूजीसी कायदा १९५६ चं कलम २३ आडवं येतं. प्रमाणपत्रावर 'पदविका' लिहू नका, 'सहभाग' लिहा. जेजे कला महाविद्यालय किंवा आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाला पर्याय असल्याचा आव जाहिरातीत आणू नका, तिथे पदवी मिळते, इथे नाही. पहिल्या तुकडीसाठी ट्रस्टच्या मागे लागू नका, एका व्यक्तीच्या नावावर पावती पुरते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. जागा भाड्याने घेतलीत तर लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. राहत्या फ्लॅटमध्ये वर्ग घेतलात तर सोसायटीची पहिली नोटीस चपलांवरून येते, दुसरी वापरावरून.

अर्धवर्तुळ
भरपूर मिळालं. एक प्रश्न उरला: चित्रांवरची चर्चा कशी घ्यायची? बारा जण, तीन तास.

रेघोटी
सत्राचा शेवटचा एक तास राखून ठेवा. रोज बारा नाही, सहाच, आलटून पालटून. प्रत्येकी दहा मिनिटं. चित्र छापून भिंतीवर, लॅपटॉप बंद. पहिली चार मिनिटं काढणाऱ्याने गप्प राहायचं. बाकीच्यांनी नियम काय असेल ते ओळखायचं. नंतर त्याने खरा नियम सांगायचा. 'कसं केलंस?' हा प्रश्न शेवटच्या दोन मिनिटांत, आधी नाही. तो आधी आला की कोडिंगवाले लायब्ऱ्यांवर बोलतात आणि चित्रकलावाले गप्प होतात, मग ती विभागणी आठ सत्रं टिकते. जोड्या बसवतानाही एक तिकडचा, एक इकडचा, आणि कीबोर्ड चित्रकलावाल्याच्या हातात.

छपाईला साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर पुरे. फोटो कागद आणू नका, चमक बघून लोक खराब रचनेलाही छान म्हणतात.

शाईवाली
प्रिंटर पावसाळ्यात बंद खोलीत ठेवणार असाल तर ट्रेमधला कागद दर आठवड्याला काढून पिशवीत ठेवा. ओला कागद टोनर नीट धरत नाही, आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात.